सौरग्रामाचे सहावे वर्ष

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्यात फेरफटका मारला, तर एक दृश्य हमखास नजरेस पडते. गावाच्या वेशीवर किंवा मंदिरासमोरच्या पारावर एक लोखंडी खांब उभा असतो. खांबाच्या माथ्यावर धुळीने माखलेले सौर पॅनेल असते, खाली बॅटरीची पेटी असते आणि ती बहुधा रिकामी असते. योजनेचे नाव, उद्घाटकाचे नाव, कामाचे वर्ष अजूनही वाचता येते. दिवा मात्र लागत नाही. कारण विचारले तर गावकरी एका शब्दात सांगतात, "बॅटरी गेली." नवी बॅटरी कोणी बसवायची, कोणत्या क्षमतेची, कोणत्या पैशांतून, याचे उत्तर सरपंचांकडे नसते आणि ग्रामसेवकांकडेही नसते. ज्याने दिवा बसवला तो ठेकेदार देयक घेऊन केव्हाच निघून गेलेला असतो. दोष सूर्याचा नाही आणि तंत्रज्ञानाचाही नाही. गावात यंत्र पोहोचले, यंत्राची विद्या पोहोचली नाही, एवढेच या विझलेल्या दिव्याचे तात्पर्य आहे.

हे आजच सांगण्याचे कारण असे की देश आज स्वच्छ ऊर्जेच्या अभूतपूर्व टप्प्यावर उभा आहे. २०२५ च्या जानेवारीत भारताची सौरऊर्जेची स्थापित क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. त्याच वर्षाच्या मध्यास देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेलाव्यतिरिक्तच्या स्रोतांची झाली. जगाला दिलेले हे वचन २०३० पर्यंत पाळायचे होते. ते पाच वर्षे आधी पाळले गेले. २०१९ मध्ये 'पीएम-कुसुम' योजना आली, २०२४ च्या फेब्रुवारीत एक कोटी घरांच्या छपरांचे उद्दिष्ट घेऊन 'पीएम सूर्यघर' योजना आली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०२३ मध्ये नव्या स्वरूपात हाती घेतली आणि २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेची तिला जोड दिली. २०२५ च्या अखेरीस तर एका महिन्यात ४५ हजारांहून अधिक सौरपंप बसवण्याचा विक्रम या राज्याने केला. रात्रीच्या अंधारात, साप-विंचवाच्या भयाखाली पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे, हे किती मोठे समाधान आहे हे त्या शेतकऱ्यालाच विचारावे. या कर्तृत्वाचे कौतुक केलेच पाहिजे.

कौतुक करतानाच पुढचा विचार करणे हेही मित्राचेच काम असते. सौरपंपाला पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी आहे. छपरावरील संचाच्या पुरवठादारावरही पाच वर्षांच्या देखभालीचे बंधन आहे. पॅनेलचे आयुष्य मात्र पंचवीस वर्षांचे मानले जाते. मग सहाव्या वर्षी काय? २०२४ आणि २०२५ मध्ये बसलेल्या लक्षावधी संचांची हमी २०२९ आणि २०३० मध्ये एकाच वेळी संपू लागेल. त्या दिवशी नियंत्रक बिघडलेला शेतकरी कोणाचे दार ठोठावणार? आज जी व्यवस्था आपण उभी करणार नाही, ती त्या दिवशी आभाळातून पडणार नाही. वेशीवरच्या विझलेल्या दिव्याने दिलेला इशारा नेमका हाच आहे.

या प्रश्नाचे मूळ शोधू लागलो की एका विसरलेल्या तरतुदीपाशी येऊन थांबावे लागते. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला अकरावे परिशिष्ट जोडले. पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय त्यात आहेत. त्यातील चौदावा विषय ग्रामीण विद्युतीकरणाचा, विजेच्या वितरणासह, आणि पंधरावा विषय अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा आहे. म्हणजे सौरऊर्जा आणि गोबरगॅस हा गावाचा विषय आहे, हे घटनाकर्त्या संसदेने तीन दशकांपूर्वीच मान्य केले. तेव्हा देशात या क्षेत्राचा फारसा बोलबालाही नव्हता. परंतु विषय देणे वेगळे आणि तो पेलण्याचे सामर्थ्य देणे वेगळे. रस्त्यासाठी पंचायतीच्या मागे बांधकाम विभागाचा अभियंता उभा असतो, पाणीयोजनेसाठी पाणीपुरवठा विभागाचा असतो, जनावरांसाठी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. ऊर्जेसाठी कोण असते? बहुतेक गावांत याचे उत्तर एकच आहे: माल विकायला आलेला विक्रेता.

विक्रेता लबाडच असतो असे नाही. परंतु जो विकतो त्यालाच 'किती घेऊ?' असे विचारणे शहाणपणाचे नव्हे. एक साधे उदाहरण घेऊ. गावच्या पाणीपुरवठ्याचा साडेसात अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालतो. त्याला रोज साधारण ३५ ते ४० युनिट वीज लागते. महाराष्ट्राच्या उन्हात एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. म्हणजे नेट मीटरची सोय असेल, तर दहा किलोवॉटचा संच पुरेसा आहे आणि त्याला हजारएक चौरस फूट बिनसावलीची जागा हवी. हे गणित दहावी उत्तीर्ण मुलगाही करू शकेल. परंतु ते करून दाखवणारे कोणी नसेल, तर पंचायत वीस किलोवॉटचा संच घेऊन निधी वाया घालवते किंवा पाच किलोवॉटचा घेऊन वर्षभरात निराश होते. त्याहून पुढचा प्रश्न असा की तो पंपच जुना आणि वीजखाऊ असेल तर? मग आधी पंप बदलावा, जुने दिवे काढून एलईडी लावावेत आणि त्यानंतर उरलेल्या गरजेपुरते पॅनेल घ्यावे, असा सल्ला कोणता विक्रेता देईल? तो सल्ला त्याच्या तोट्याचा आहे, गावाच्या मात्र फायद्याचा आहे.

याखेरीज निविदेच्या अटी असतात, महावितरणकडील अर्ज असतो, विमा असतो, वादळात पॅनेल उडणार नाही अशा सांगाड्याची तपासणी असते, आलेला माल ठरल्याप्रमाणे आहे की नाही याची पडताळणी असते. पंचवीस वर्षांनी निरुपयोगी पॅनेलचे काय करायचे, हाही प्रश्न आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी ती जबाबदारी नोंदवून ठेवली आहे. या सर्वांना मिळून तांत्रिक साहाय्य म्हणतात. अनुदानाच्या तुलनेत त्याचा खर्च अल्प असतो, पण ते नसेल तर अनुदान मातीत जाते.

बाहेरून आणून ठेवलेल्या तंत्रज्ञानाचे काय होते, याचा धडा बिहारमधील धरणई गावाने देशाला दिला आहे. जहानाबाद जिल्ह्यातील या गावात २०१४ साली 'ग्रीनपीस' या आंतरराष्ट्रीय संस्थेने शंभर किलोवॉटचे सौर सूक्ष्मजाल उभारले. वार्ताहरांची रीघ लागली. परंतु माजी मुख्यमंत्री गावात आले तेव्हा काही ग्रामस्थांनी त्यांच्याकडे मागणी केली ती 'खऱ्या विजेची'. बॅटरीवर मर्यादित उपकरणेच चालत होती आणि दरही चढा वाटत होता. पुढे गावात नेहमीची वीज आली, बॅटऱ्या निकामी झाल्या, प्रकल्प बंद पडला आणि ती जागा गुरे बांधण्याच्या उपयोगात आली. उभारणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु लोकांची गरज किती वाढेल, बॅटरी बदलण्याचा पैसा कोठून येईल, मोठी वीजवाहिनी आल्यावर हे जाल तिला कसे जोडायचे, या प्रश्नांची सोडवणूक उद्घाटनापूर्वी व्हायला हवी होती. गावाला प्रयोगाचे प्रदर्शन बनवले की गाव त्या प्रयोगाचे मालक होत नाही.

याउलट गुजरातमधील मोढेरा पाहा. अकराव्या शतकातील सूर्यमंदिराचे हे गाव ९ ऑक्टोबर २०२२ रोजी चोवीस तास सौरविजेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून घोषित झाले. तेथे सहा मेगावॉटचा प्रकल्प आहे, १५ मेगावॉट-तासाची बॅटरी साठवण आहे आणि तेराशेहून अधिक घरांवर एकेक किलोवॉटचे संच आहेत. या सर्वांमागे केंद्र आणि राज्य यांचे तंत्रज्ञ होते, वीजवितरण कंपनी होती आणि सुमारे ८० कोटी रुपयांचा खर्च होता. असे पाठबळ प्रत्येक गावाला मिळणार नाही, हे उघड आहे. म्हणून आपल्या सातारा जिल्ह्यातील, पाटण तालुक्यातील मान्याचीवाडीचे महत्त्व अधिक. २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरलेल्या या गावात शंभरएक उंबरे आहेत. परंतु ग्रामस्वच्छतेपासून अनेक अभियानांत एकदिलाने उतरण्याची सवय त्या गावाला आधीपासून होती. पॅनेल नंतर आले, संघटन आधी होते. हा क्रम ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

राज्याच्या कृषी वाहिनी योजनेतही एक मोलाचे सूत्र आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नव्या टप्प्यातील पहिला तीन मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. अशा प्रकल्पात विकासकाला पैसे मिळतात ते प्रत्यक्ष दिलेल्या युनिटांचे. पॅनेल धुतले नाही, इन्व्हर्टर दुरुस्त केला नाही, तर नुकसान त्याचेच होते. म्हणून तो ते करतो. वेशीवरच्या दिव्याच्या बाबतीत पैसे मिळतात ते खांब उभा केल्याचे. दिवा लागल्याचे नव्हे. म्हणून खांब उभा राहतो आणि दिवा विझतो. माणसाच्या चांगुलपणावर विसंबण्याऐवजी कराराची कलमे नीट लिहिली, तर निम्मा प्रश्न सुटतो. या योजनेत प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख रुपये याप्रमाणे तीन वर्षे निधी मिळण्याची तरतूद आहे. त्यातील काही अंश गावच्या स्वतःच्या ऊर्जाव्यवस्थेच्या देखभालीसाठी बाजूला काढण्यास कोणाची आडकाठी आहे?

हे सारे आपल्याला नवे आहे असेही नाही. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. त्या कार्यक्रमात अनुदानाबरोबरच एक शहाणी तरतूद होती. गवंड्यांना प्रशिक्षण दिले जाई आणि संयंत्र बांधून देणाऱ्या प्रशिक्षित कारागिराला स्वतंत्र मेहनताना मिळे. बदल्यात काही वर्षे विनामूल्य देखभालीची हमी त्याने घ्यायची. देशातील विद्यापीठे व तंत्रसंस्थांमधून बायोगॅस विकास व प्रशिक्षण केंद्रे चालवली गेली. जेथे हे नीट राबवले गेले आणि स्थानिक संस्थांनी पाठपुरावा केला, तेथे चुली आजही गोबरगॅसवर पेटतात. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांसारख्या व्रतस्थाने हा विषय घराघरात नेण्यासाठी आयुष्य वेचले. जेथे केवळ उद्दिष्टपूर्तीसाठी खड्डे खणले गेले, तेथे ते खड्डेच राहिले. सौरऊर्जेने या अनुभवाकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

मग काय करावे? पहिली गोष्ट, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक ऊर्जा साहाय्य केंद्र असावे. त्यासाठी नवी इमारत नको, नवे संचालनालय नको. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतने आपल्याकडे आहेतच. तेथेच एक कक्ष, दोन तंत्रज्ञ आणि मोजमापाची उपकरणे एवढे पुरे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या 'महाऊर्जा' या राज्याच्या संस्थेकडे अनुभव आहे, परंतु तिचा विस्तार मुख्यतः विभागांच्या पातळीवर आहे. तो तालुक्यापर्यंत उतरला पाहिजे. दुसरी गोष्ट, कोणताही ऊर्जा प्रकल्प मंजूर करण्यापूर्वी या केंद्राचा विनामूल्य अहवाल पंचायतीला मिळावा आणि तो ग्रामसभेत वाचला जावा. तिसरी गोष्ट, ठेकेदाराच्या देयकाचा एक भाग पाच वर्षांत, प्रत्यक्ष निर्माण झालेल्या युनिटांच्या प्रमाणात दिला जावा. आणि चौथी गोष्ट, वाचलेल्या वीजबिलाच्या रकमेतून गावाने देखभाल निधी काढून ठेवावा. सूर्यघर योजनेत स्थानिक संस्थेला आपल्या हद्दीतील प्रत्येक छपरामागे एक हजार रुपयांचा प्रोत्साहन निधी आहे. दोनशे छपरांचे गाव असेल तर दोन लाख रुपये होतात. देखभाल निधीची मुहूर्तमेढ त्यातून रोवता येईल.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा की आणखी एक सरकारी कार्यालय म्हणजे आणखी एक शिक्का आणि आणखी एक खेटा. आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच या केंद्राला मंजुरीचा अधिकार असू नये, केवळ सल्ल्याचा असावा. ज्याच्या हाती शिक्का नसतो, त्याच्याकडे लोक विश्वासाने जातात. दुसरा आक्षेप असा की इतके तंत्रज्ञ आणायचे कोठून? २०१५ पासून 'सूर्यमित्र' कार्यक्रमातून देशभरात तरुणांना सौर तंत्राचे शिक्षण दिले गेले. त्यांतील अनेक जण कामाच्या शोधात शहरांकडे गेले, कारण गावात त्यांना बांधून ठेवणारी व्यवस्थाच नव्हती. पंधरा-वीस गावांची देखभाल एका सूर्यमित्राकडे दिली, तर त्याची उपजीविका चालेल आणि गावांचे दिवेही लागतील. अभियांत्रिकी महाविद्यालये गावांशी जोडण्यासाठी २०१४ मध्ये सुरू झालेले 'उन्नत भारत अभियान' आहे. विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा गावच्या संचांची मोजदाद करून अहवाल द्यावा, तोच त्यांचा प्रकल्प मानावा.

येथे स्वदेशीचा अर्थही तपासून घ्यावा लागेल. परदेशी, विशेषतः चिनी, पॅनेलवरील अवलंबित्व कमी करण्यासाठी देशी उत्पादनाला सरकारने जे उत्तेजन दिले ते योग्यच आहे. परंतु पॅनेल देशी आणि त्याची दुरुस्ती मात्र शंभर कोसांवरच्या कंपनीच्या दूरध्वनीवर अवलंबून, ही अर्धी स्वदेशी झाली. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. यंत्र माणसासाठी आहे, माणूस यंत्रासाठी नाही, आणि विकेंद्रित अर्थरचनेत निर्मितीचे साधन समाजाच्या हाताशी असावे, हा त्या चिंतनाचा गाभा होता. सूर्य हा तर स्वभावतःच विकेंद्रित आहे; तो राजवाड्यावर जितका तळपतो तितकाच पाड्यावर. अशा ऊर्जेची विद्या मात्र मूठभर कार्यालयांत कोंडून राहावी, हा विरोधाभास आहे. राजस्थानातील डुंगरपूरच्या वनवासी भगिनींनी मुंबईच्या आयआयटीच्या मार्गदर्शनाने आधी सौरदिवे जुळवले आणि पुढे पॅनेलचा कारखाना उभा केला. हाती विद्या दिली की ज्यांना आपण लाभार्थी म्हणतो त्याच उद्योजक होतात, हे त्यांनी सिद्ध केले. अंत्योदय म्हणजे शेवटच्या माणसाच्या दारात वस्तू ठेवणे एवढेच नव्हे; ती वस्तू त्याच्या कह्यात असणे, हा खरा अंत्योदय.

शासनाने काय करावे हे सांगणे सोपे असते. समाजाने काय करावे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. आपल्यापैकी कितीतरी वाचक वीजमंडळातून, कारखान्यांतून, तंत्रशिक्षण संस्थांतून निवृत्त झालेले अभियंते आहेत. महिन्यातील एक रविवार त्यांनी आपल्या मूळ गावाला द्यावा. बंद दिव्यांची यादी करावी, तारा तपासाव्यात, गावातील दोन मुला-मुलींना मीटर वाचायला आणि पॅनेल धुवायला शिकवावे, पंचायतीपुढील निविदा एकदा डोळ्यांखालून घालावी. सेवावस्त्या आणि वनवासी पाडे येथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आरोग्याच्या पेटीबरोबर अवजारांचीही एक पेटी सोबत ठेवावी. या कामाला ना अनुदान लागते, ना उद्घाटक.

रथसप्तमीला आपण अंगणात दूध उतू घालून सूर्याचे पूजन करतो, रोज सूर्यनमस्कार घालतो. ज्याची पूजा करायची त्याचे दान वाया जाऊ द्यायचे नाही, हाही त्या पूजेचाच भाग आहे. उद्घाटनाच्या दिवशी लागणारे दिवे पुष्कळ झाले. गाव सौरग्राम झाले की नाही, याचा निर्णय आता सहाव्या वर्षाच्या रात्री व्हावा. त्या रात्री वेशीवरचा दिवा लागलेला असेल आणि तो दुरुस्त करणारा तरुण त्याच गावचा असेल, तर हे काम साधले असे म्हणता येईल.